एका गाठीचं पोतं

३ फेब्रुवारी, सिरोंचा
विमानं: एक. दक्षिणेला गेलं. मिरची वाळवायच्या आमच्या कल्लमात, पोत्यांवर उताणी पडून पाहिलं. लहानपणापासून पाहते तसंच. आधी पांढरी रेघ, मग रेघेचा कापूस, मग काहीच नाही. बाबा इथले मुकादम, तिकडून ओरडले, "उतर खाली, पोतं फुटंल!"
चंद्रपूरजवळच्या विमानशाळेत नाव लागलंय. आता फक्त मेडिकल. परवा नागपूर. आई म्हणते, "नखं काप आधी. डॉक्टर नखं पाह्यते." पायलटची नखं!
आज दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

६ फेब्रुवारी, नागपूर
कान ठीक. छाती ठीक. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. मनाने मी एव्हाना गोदावरीच्या वर पोचले होते.
मग डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर ठिपक्यांत लपलेला आकडा दिसला, बारा. दुसऱ्यावर नुसते ठिपके. छान होते, तांदूळ धुताना पाण्यात फिरतात तसे. डॉक्टर पानं उलटत गेले आणि मी म्हणत गेले, ठिपके, ठिपके.
"घरी कुणी कधी सांगितलं नाही तुला?"
लाल आणि हिरवा. माझ्या डोळ्यांना ते नीट वेगळे कळत नाहीत. मुलींत फार क्वचित. मुलीला असेल तर बापाला असतंच, आणि आईकडूनही आलेलं असतं, तिला स्वतःला सगळं दिसत असलं तरी. डॉक्टरांनी दोन रेघा काढून समजावलं. मी रेघांकडे बघत राहिले.
तात्पुरती अपात्र. एक वाट आहे. बंगळूरला कंदील चाचणी. अंधाऱ्या खोलीत लांबून बारीक दिवे दाखवतात, लाल, हिरवा, पांढरा. ते नीट ओळखले तर पुढे जायचं. नाहीतर पायलटची नोकरी विसरायची.
"पुस्तक पाठ करून येतात काही जण," डॉक्टर म्हणाले. "कंदील पाठ होत नाही."

७ फेब्रुवारी, बसमध्ये
आलापल्लीच्या पुढे जंगल. समोरच्या सीटवरची बाई नातीला म्हणाली, "पाह्य, पळस कसा फुलला, लालेलाल!"
मीही पाहिलं. काळ्या फांद्यांवर काहीतरी मळकट. जन्मभर मी या फुलांना लाल म्हणत आले, कारण सगळे म्हणतात. मग मी पाहत काय होते?
रडले नाही. डुलकी लागली. झोपेत बस जमिनीवरून उचलली गेली. कंडक्टरने विचारलं, कुठे? मी म्हणाले, वर. त्याने तिकीट फाडून दिलं.

८ फेब्रुवारी
घरी सांगितलं. बाबा भडकले. "जिंदगी मिरचीत गेली माही, अन मले लाल दिसत नाई म्हणते?"
आई भात वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "नाई दिसत जी तुमाले."
मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतर बाबांनी हिरवं म्हणून चॉकलेटी लुगडं आणलं. ती मुकाट नेसली आणि काय ते समजली. तेव्हापासून कल्लमात पोत्याच्या तोंडाला ती सुतळीच्या गाठी मारते. दोन म्हणजे पच्ची, कच्चा माल. एक म्हणजे पंडू, पिकलेला. बाबांना वाटायचं, सगळीकडे हीच रीत. एकदा दुसऱ्याच्या कल्लमात जाऊन भांडलेसुद्धा होते, तुमच्या पोत्यांना गाठी काऊन नाई म्हणून. मला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत.
मग आठवलं. माझ्या रंगखडूंवर आई खाचा पाडून द्यायची. मला वाटायचं, चोरीला जाऊ नयेत म्हणून. म्हणजे माझंही ठाऊक होतं.
"मले सांगितलं काऊन नाई?"
"सांगून का होते? तुले आभाळ तं निळं दिसते ना. मले का ठाऊक, वरतीबी लाल-हिरवं लागते!"
राग आला. हे लिहितानाही आहे.

११ फेब्रुवारी
बाबांचं जेवण कमी झालंय. पोत्यांजवळ जातात, गाठी चाचपतात, परत येतात. संध्याकाळी त्यांना नदीवर घेऊन गेले.
"माह्यामुळं झालं तुह्यं," म्हणाले.
मी विचारलं, "बाबा, तुमाले पळस कसा दिसते?"
बराच विचार केला त्यांनी. "वाळल्या शेणीवानी."
"मलेबी."
पलीकडे तेलंगणाचे दिवे लागत होते. पाणी निळं होतं, ते मात्र अगदी निळं. बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या दोघांचं रान एकच हाय."
बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी पाहते तेच जंगल आणखी कुणीतरी पाहतं, माझ्याच घरात.

१५ फेब्रुवारी
सराव सुरू. दोन टॉर्च, एकावर लाल जिलेटिन, एकावर हिरवं. दिवेलागणीला बाबा कल्लमाच्या त्या टोकाला, मी या.
"लाल!" मी ओरडले. "बरोबर का?"
"मले का माहीत!"
आई हसता हसता मिरचीच्या ढिगावरच बसली आणि शिंकत राहिली. मग उठून टॉर्चच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. लालला एक, हिरव्याला दोन. आता परीक्षकाची सोय झाली.

१९ फेब्रुवारी
एकही चूक नाही. कालही नाही. तरंगतेय.
स्वप्नात खाली जंगल, पिवळं, तपकिरी, मधूनच राखेचं. शेजारच्या सीटवर बाबा, मांडीवर मिरचीचं पोतं. ढगात शिरलो तर ढगालाही सुतळी बांधलेली. बाबा म्हणाले, गाठ पाह्य अन मग उतर.

२२ फेब्रुवारी
कळलं. दोन गाठींचा टॉर्च बाबा डाव्या हातात धरतात. कच्ची पोती डावीकडे लावायची, ही कल्लमाची सवय. मी दिवा ओळखतच नव्हते. बाबांचा कोणता खांदा हलला, ते ओळखत होते.
सांगून टाकलं. आई चिडली. "बोलली काऊन? जमून राह्यलं होतं ना!"
"तिथं बाबा नसतील, आई. अन मागं माणसं बसली असतील, माह्या भरवशावर."
आता तेलाच्या डब्याला खिळ्याने भोक पाडून टॉर्च आत ठेवतो. आई लावते. बाबा माझ्या शेजारी. खूप चुकते. बाबा पुटपुटतात ते उत्तरही तेच, चूकही तीच. पण कधीकधी लाल जरा विझल्यासारखा वाटतो आणि हिरवा पांढऱ्याकडे झुकतो. कधीकधी. डोळे गच्च मिटून तो फरक आत धरून ठेवते. उद्या राहील का...

२८ फेब्रुवारी
विमानं: एक, फार उंच. आई शेजारी बसून पाहत होती. मी तिला विचारलं, "लाल असते कसा?"
ती म्हणाली, "पंडू मिर्ची कुटताना नाकात चढते ना, ठसका लागाच्या आंधी? तसा."
इतकी वर्षं ती एकटीच तो रंग पाहत होती आमच्या घरात. आम्हा दोघांसाठी गाठी मारत. राग कधी गेला कळलं नाही. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे हात झोंबतात, नेहमीसारखेच.

४ मार्च, रेल्वेत
आईने पहाटे मंचिरियाल स्टेशनला जाणाऱ्या बसपर्यंत सोडलं. दारातून माझी ओढणी सारखी करत होती, किती वेळ. बाबा सोबत आहेत. प्रत्येक सिग्नलला विचारतात, "हा कोणता?" मी सांगते. बरोबर की चूक, आम्हा दोघांनाही माहीत नाही.

५ मार्च, बंगळूर
इथे विमानं मोजत नाही. डोक्यावरून सारखी जातात, इतकी खाली की चाकं दिसतात. बाबांनी एकाला हात केला.
खोलीबाहेर बाकावर. माझ्या आधीचा मुलगा आत गेलाय. शेवटच्या सरावात किती चुकले ते इथे लिहीत नाही. दाराच्या वर एक दिवा आहे. आम्ही दोघं कधीचे त्याच्याकडे बघतोय.
"पच्ची," बाबा म्हणाले.
मला तो पंडू वाटतोय. पहिल्यांदाच आमची उत्तरं वेगळी आली.
कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं आमचं.
हात थंड पडले म्हणून ओढणीत गुंडाळले, तर टोकाशी काहीतरी टणक. गाठ. घट्ट, सुतळीला मारतात तशी. दुसरी असेल म्हणून सगळी कड चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एकच आहे.
तो मुलगा बाहेर आला. आतून माझं नाव पुकारलं. जाते.