शिट्टी वाजेपर्यंत

१४ जानेवारी २००७

प्रिय पायल,

जयभीम. श्रावण तुला आणि आपल्या लेकीला राजूरला पाहून आला, तेव्हापासून घरात एकच वाद आहे, नातीचं नाक कोणावर गेलं. माझ्यावर. डिंकाचे लाडू नियमाने खा, नुसते डब्यात ठेवू नकोस.

आता खरी बातमी. आपला बायकांचा संघ दारव्ह्याला तालुक्याची कबड्डी जिंकून आला. हो, तोच संघ, ज्याला पारावरचे रिकामटेकडे भजनी मंडळ म्हणायचे.

तू बाळंतपणाला माहेरी गेलीस आणि संघात डाव्या कोपऱ्याची तुझी जागा रिकामी झाली. तू खटपट करून खेळासाठीचं ते छोटं अनुदान आणलंस, त्यातून बूट आले, गुडघ्याचे पट्टे आले, मैदान सारखं झालं. पण तालुक्याला पूर्ण संघ उतरला नाही तर पुढचं अनुदान बंद, ही अट तूच वाचून दाखवली होतीस. यंदाही कापसाला भाव नाही. वेचणीहून आल्यावर कोणाच्या घरात बोलायचं मन नसतं. गावात हसणं ऐकू यायचं ते त्या मैदानावरच, आणि ते मला बंद पडू द्यायचं नव्हतं. मग मीच पदर खोचला. साडीखाली ट्रॅकपँट चढवली तेव्हा तुझे सासरे पेपरामागे तोंड लपवून हसत होते.

आपल्या बायांची खोड तुला ठाऊक आहे. वयाने मोठी बाई चढाईला आली आणि तिच्या पायाला हात लागला, की पकडायचं सोडून नमस्कार करतात. शेजारच्या कौसल्याने सरावात माझा घोटा धरला, हात कपाळाला लावला आणि सोडून दिलं. वर म्हणते, "मामी, हात आपोआपच गेला जी." मी तिला चांगलं झापलं.

आणि अंतिम सामन्यात माझ्यावरच ती पाळी आली. समोरच्या संघात तुझी आत्येसासू, म्हणजे माझी थोरली नणंद हंसाबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या पाया पडते आहे. गुण सारखे, शेवटची चढाई, आणि आल्या त्याच. घोटा माझ्या मुठीत आला. हात कपाळाकडे निघाला होता, खोटं कशाला सांगू. पण दात आवळले आणि धरून ठेवलं. मातीत पडल्या पडल्या म्हणतात, "प्रभा, सोडतं का नाही वं मले?" म्हटलं, "बाई, शिट्टी वाजू द्या, मंग पाया पडीन." शिट्टी वाजली. पडलेसुद्धा. त्यांनी मला उठवून मिठी मारली आणि पाठीत एक गुद्दाही घातला. पायल, एवढा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कप देताना क्रीडा कार्यालयाच्या बाईंनी विचारलं, शिकवलं कोणी? सगळ्या तुझंच नाव ओरडल्या. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात यवतमाळला प्रशिक्षकांचं शिबिर आहे, पायलला बोलावलं होतं, पण तिने कळवलं की लेकरू लहान आहे, सासूला चालणार नाही. अगं, सासूला विचारलंस कधी? माझ्या नावाने परस्पर नकार देऊन मोकळी झालीस, याचा राग आला आणि वाईटही वाटलं. तोवर नात बसायला लागेल. मी तुझ्यासोबत यवतमाळला येईन. तू मैदानात, ती माझ्या मांडीवर. हे पत्र त्यासाठीच आहे. बाईंना मी कप हातात धरून तिथेच सांगितलं, सासूला चालतं.

तुझीच सासू,
प्रभावती (डावा कोपरा)