बोरॉन आणि आक्काचा चहा

४ ऑगस्ट
पुन्हा तो हिरवा चहा! दिवसातून तीनदा. आक्का स्टूल ओढून समोर बसते आणि कप रिकामा होईपर्यंत पापणी हलवत नाही. चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. तसं म्हटलं तर — "पंडित, पुठ्ठा कधी खाल्लास?" संस्कृत घेऊन एम. ए. केलं, ते थोरल्या बहिणीच्या लेखी अजून थट्टेपुरतंच आहे.

आजार अस्थिमज्जेचा. शाळेत मज्जा म्हणजे दुसरंच काही होतं. दर आठवड्याला पोटावर इंजेक्शन, पावलं बधिर, आणि कुणाचा खोकला लागेल म्हणून जिना उतरायला बंदी. दोन खोल्या, एक खिडकी, आक्का.

११ ऑगस्ट
रक्ताचा अहवाल. आजाराचा आकडा उतरायला हवा होता, जागचा हलला नाही. आक्काने चहा आणखी कडक केला.

१९ ऑगस्ट
संपादकांचा फोन. माझं विज्ञानाचं सदर बंद पडलंय, वाचक विचारतात, बसल्या बसल्या काही जमेल का? बसल्या बसल्या! दुसरं काय करतोय मी? विषय मीच सुचवला — औषधांतला बोरॉन. माझ्या इंजेक्शनात तोच आहे. ज्याच्या जिवावर जगायचं त्याची ओळख तरी असावी. आपल्या जुन्या वैद्यांचं टंकण, सोनाराचा टंकणखार, त्यातलाच हा.

२२ ऑगस्ट
लेख रंगतोय. आक्काला वाचून दाखवला. काही गाठींच्या पेशींत बोरॉन नेऊन बसवतात आणि बाहेरून न्यूट्रॉन सोडतात. मग बोरॉन फुटतो आणि बसला असेल ती पेशी पाडतो. आक्का म्हणाली, "म्हणजे पाहुणा घर पाडूनच निघतो." वाक्य लेखात घेतलं. मानधन मागू नकोस म्हटलं.

माझ्या औषधाची रीत वेगळी. बोरॉनची एक जागा कायम रिकामी, म्हणून तो हात धरायला टपलेला. बिघडलेल्या पेशीत कचरा काढणारं यंत्र असतं, हा त्यालाच धरून ठेवतो. कचरा तुंबतो, पेशी मरते.

२३ ऑगस्ट
चहा.

हिरव्या चहातले रेणू बोरॉनचा हात आधी धरतात. उंदरांवर पाहिलेलं आहे — औषध निकामी. तीनदा वाचलं. समोर कप होता. समोर आक्काही होती. प्यायलो!

२४ ऑगस्ट
आक्का आंघोळीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन. आजपासून बंद करा म्हणाल्या. माणसात नक्की किती नडतो ते ठाऊक नाही, पण धोका कशाला? आणि आत्तापर्यंत प्यायलेल्याचं? "ते कुणीच सांगू शकणार नाही. पण बहिणीला सांगा."

सांगा! भावोजी एका दुपारी बसल्या जागी गेले, तिला पाणीसुद्धा पाजता आलं नाही. म्हणून स्वतःच्या घराला कुलूप लावून ती इथे आली. तिला काय सांगू — की इतके महिने तू माझं औषध धुवून काढत होतीस?

दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा तिने त्यात थर्मामीटर घातलं.

२६ ऑगस्ट
उपाय सापडला! बधिर पावलांना शेक हवा म्हणून कोमट पाण्याचा टब मागवला. मांडीवर पांघरूण. आक्का कुकरची शिट्टी ऐकून उठली की कप टबात. माझ्या पायांइतकं निरोगी पेय शहरात कुणी पीत नसेल.

३१ ऑगस्ट
"पाणी असं पिवळं कसं?" मळ असेल, म्हणालो. आक्काने वज्री आणून टाचा घासल्या. बधिर असल्याचा प्रथमच फायदा.

८ सप्टेंबर
चव आवडत नाही म्हणून सांगून पाहिलं. मग मध घालते म्हणाली. नको म्हणावं तर कारण द्यावं लागतं. कारण दिलं तर ते आयुष्यभर तिच्या मानगुटीवर. या घराला कुलूप बाहेरून नाही, मीच आतून लावलंय.

१४ सप्टेंबर
आक्का हल्ली कप दिला की खिडकीशी जाऊन उभी राहते. समोर इमारत बांधताहेत, तिच्या विटा मोजते म्हणे. माझ्याकडे पाठ करून, चांगली पाच-सात मिनिटं. माझी सोयच झाली. स्टूल कोपऱ्यात पडून आहे.

२२ सप्टेंबर
अहवाल. आकडा वर.

चहाचा थेंब नाही पोटात, तरी वर. आजवर मनातल्या मनात खापर त्या कपावर फोडत होतो, हे आज कळलं. आता दोष द्यायला तोही उरला नाही.

आक्काला म्हटलं, अजून वेळ लागेल. तिने मान हलवली आणि टबातलं पाणी बदललं.

९ ऑक्टोबर
बोरॉन बंद. उपयोग होत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आक्का शेजारीच बसली होती. पुढच्या आठवड्यापासून दुसरं औषध, त्यात बोरॉन नाही. ते लागू पडेल का? "बघू या." मी खोलीबाहेर आलो, आक्का जरा मागे राहिली. पर्स विसरली असेल.

लेख मात्र छापून आला. चहाचा परिच्छेद मी गाळला होता.

१६ ऑक्टोबर
नवं औषध सुरू. दुपारी आक्काने कप आणला, टब आणला नाही. पायांचं काय, विचारलं. तिने स्टूल ओढलं, समोर बसली.

"आता टब कशाला? या औषधाला चहा चालतो. डॉक्टरांना विचारून घेतलंय मी."

किती दिवस विटा मोजत होतीस, ते विचारलं नाही. प्यायलो. सगळा.