कडबाकुट्टीत गेलेला हात

प्रिय ओंकार,

आधी तुझ्या दादांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. त्यांना मुतखडा आहे, हार्टबिर्ट काही नाही. महाळुंग्यात उद्या कुणी तुला भलतंच सांगितलं तर घाबरू नकोस. काल दुपारी मिशीला पीळ देणारा हा माझा नवरा अंगणात गडाबडा लोळत होता आणि "शालन, माझं आता काय खरं न्हाई" म्हणत होता. मी म्हटलं, आधी रिक्षात बसा, मग काय ते ठरवू. तुला दोनदा फोन लावला, पण एंगेज होता. इंजेक्शन मिळाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चहाचा.

सोनोग्राफीला वेळ होता म्हणून मी चाकणच्या त्या दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर बसून होते. तिथे कान द्यावा लागत नाही रे, सगळं आपोआप ऐकू येतं. घरात जे बोलायला माणूस दहा वेळा विचार करेल, ते तिथे परक्यांदेखत बोलतो. समोर कांद्याचा एक व्यापारी हाताला सलाईन लावून फोनवर ओरडत होता, की मी मेलो तरी ती गाडी त्या भावाने सोडू नका. नर्सने त्याचा फोन काढून घेतला, तर तिलाच भाव समजावून सांगायला लागला. मला हसू आवरेना.

माझ्या शेजारी एक पोरगी होती, आरफा नावाची. परभणीकडची. नवरा शोएब एका कंपनीत ठेकेदाराकडून पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. त्याचा हात प्रेसमध्ये सापडला होता आणि त्याला आत नेलं होतं. तिच्या ओढणीला त्याच्या हातावरचं काळं ऑइल लागलं होतं. आपल्याच गावात पत्र्याच्या एका खोलीत राहतात दोघं. मी तिला पाणी दिलं, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. रडत नव्हती. फक्त बोटं राहतील का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस आला. त्याने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. साहेब शांतपणे बोलत होते. म्हणाले, डॉक्टर विचारतील तेव्हा हात घरी कडबाकुट्टीत गेला असं सांगा, कंपनीचं नाव काढू नका, नोकरीचं मी बघतो. आरफाने मान डोलावली. तो माणूस गाडी लावायला बाहेर गेला, तेव्हा तिने हळूच मला विचारलं, "काकू, कडबाकुट्टी म्हंजे काय असतंय?"

मी पंचायतीत पाच वर्षं बसलेली बाई. कागदावर घरचा अपघात लिहिला गेला, की हक्काची भरपाई गेली, हे मला चांगलं ठाऊक आहे. बोटं गेलेल्या माणसाला साहेब किती दिवस नोकरीवर ठेवणार तेही ठाऊक आहे. कडबाकुट्टी म्हणजे जनावरांचा चारा कापायचं यंत्र, इथपासून मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पन साहेब म्हनतेत तसं बोलावं लागंल ना. तेच्या हातात हाय सगळं."

मग डॉक्टरीणबाई आल्या. कसं झालं, म्हणून विचारलं. आरफाने पाठ केलेलं सांगितलं. बाईंनी साधंच विचारलं, जनावरं किती आहेत तुमच्याकडे? ती माझ्याकडे बघायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, हिच्या खोलीत कोंबडीबी न्हाई, कडबाकुट्टी कुठली आणताय?" डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. आणि मग आरफाच बोलली. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर सकाळपासून बंद होता, तरी मशीन थांबवू दिली नाही, इथपर्यंत सगळं बोलली. बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि पोलिसांनाही कळवायला लावलं. ठेकेदाराचा माणूस परत आला तेव्हा माझ्यावर उखडला, "मावशी, तुमचं काय काम हितं?" मी त्याला म्हटलं, बस खाली. बसला.

शोएबची दोन बोटं गेली. अंगठा वाचला.

आता हे पत्र कशासाठी, ते तुला कळलंच असेल. फोनवर तू मधेच बोलला असतास, म्हणून लिहिलं. स्पीकरवरचा तुझा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. वाटलं, सारखा असेल कुणाचा तरी. पण कडबाकुट्टी म्हणालास आणि शंका उरली नाही, कारण असलं खोटं गोठ्यात वाढलेल्यालाच सुचतं. मला तुझी लाज वाटली, ओंकार. नवी खुर्ची आहे, वरून दडपण असेल, सांगवीच्या घराचं, सूनबाई रश्मीचं बघायचं असेल, हे सगळं मला कळतं, तरीही वाटली. डॉक्टरांपुढे मी तुझं नाव घेतलं नाही, ते तू स्वतः घ्यायचंस. आरफापासून मात्र लपवलं नाही. तो साहेब माझा मुलगा आहे, असं तिला सांगून टाकलं. तिने पिशवी बाजूला घेऊन मला शेजारी जागा करून दिली. तो रविवारी येईल, शोएबच्या खाटेपाशी उभा राहून खरं बोलेल आणि कंपनीतही तेच लिहून देईल, असं मी तिला सांगून ठेवलंय. तिचा विश्वास बसलेला नाही. माझा आहे.

तुझीच,
आई