बिनपाण्याचा अनंत

३ जुलै २०००, सोमवार

गुलाब नापास! पुण्याहून कौतुकाने आणलेली चार कलमं, चारही काळी पडली. उपटून बघितली तर मुळांचा नुसता लगदा. ह्यांनी खिडकीतूनच विचारलं, "काय, लागला का निकाल?" हसा म्हणावं! बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण पेपर तपासल्याशिवाय कुणाला वर ढकललं नाही. मुलींना नाही आणि झाडांनाही नाही.

माझी परीक्षा साधी आहे. तीन पावसाळे कुजायचं नाही. तीन उन्हाळे पाण्याचा थेंब मागायचा नाही. आणि फुललं की रस्त्याने जाणाऱ्याने मान वळवून बघितलं पाहिजे. महाडच्या हवेत यातून पार पडणं म्हणजे खायचं काम नाही. आत्तापर्यंत पास – कण्हेर, देवचाफा, कोरांटी, बोगनवेल. आणि शेजारच्या तय्यबभाईंच्या भिंतीला लागून असलेला माझा अनंत – पहिल्या वर्गात पहिला!

६ जुलै

इरावतीचं पत्र. माझी विद्यार्थिनी, आता पोलादपूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. "प्रमोदिनीबाई, शाळेची नवी इमारत झाली, पुढे बाग करायची आहे. पण उन्हाळ्यात आम्हीच टँकरची वाट बघतो, झाडांना कुठून घालणार? देखणी आणि बिनपाण्याची झाडं तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

कोण सांगणार! पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

१६ जुलै, रविवार

पोलादपूर. दिवसभर चिखलात. कुंपणाला बोगनवेल, कडेने कण्हेर आणि कोरांटी, कोपऱ्यात देवचाफा. आणि दर्शनी बाजूला चोवीस अनंत, आठवीच्या चोवीस मुलींचा एकेक. प्रत्येकीने पत्र्याच्या पाटीवर आपलं नाव रंगवलंय. इरावतीला सगळ्यांसमोर सांगितलं – एक थेंब घालू नका, जगले नाहीत तर माझं नाव बदला.

स्टँडवर फुलं विकणारी चंपाबाई बघायला आली होती. डोंगरातल्या कुडपण गावची, झाडांतलं कळतं तिला. म्हणाली, "अनंताला पानी लागतं गो बाय. पयला उन्हाळा तरी घाला." मी म्हटलं, महाडला ये आणि माझा बघ, लावल्यापासून तांब्याभर घातलेलं नाही. ती म्हणाली, "मग तुमचा हात देवाचा हाय."

खोटं कशाला लिहू – बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१७ डिसेंबर

शाळेचं स्नेहसंमेलन. पाहुणे आधी बागेपाशी थांबले, मग मांडवात गेले. "ही कुणाची निवड?" इरावतीने माझ्याकडे बोट दाखवलं. ह्यांना म्हटलं, वकीलसाहेब, तुमच्या कोर्टात कधी टाळ्या पडल्या का हो?

२५ फेब्रुवारी २००१

तय्यबभाई आणि त्यांची बायको नसीबा मस्कतला गेले, मुलाकडे, शोएबकडे. सुनेचं बाळंतपण आहे, तीन महिने तिकडेच. किल्ली आमच्याकडे. पलीकडे अगदी सुनं सुनं. तय्यबभाईंच्या लोट्याची खळखळ ऐकली की मी चहा टाकायची. आज चहाची वेळ टळून गेली तरी पत्ता नाही. ह्यांनीच आठवण करून दिली.

३ एप्रिल

इरावतीचा फोन. चोवीसातले सतरा अनंत वाळले. मुली रडतायत म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या मुरारी शिपायाने खुरप्याने मुळं दुखावली असणार, त्याला विचार. ती "बरं बाई" म्हणाली. तिचं ते "बरं बाई" मला ओळखीचं आहे. गणित चुकलंय हे माहीत असलं की ती असंच म्हणायची.

८ एप्रिल

माझा अनंत पिवळा पडलाय. कळ्या टपाटपा गळतायत. ह्यांना सांगितलं नाही.

९ एप्रिल

किल्ली घेऊन तय्यबभाईंचं अंगण झाडायला गेले. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, बरोब्बर माझ्या अनंतामागे, एक सपाट दगड. यावरच बसून दोघं नमाजाआधी वजू करतात, हातपाय-तोंड धुतात. दगड कोरडा ठणठणीत. शेवाळ वाळून त्याच्या खपल्या निघालेल्या. आणि भिंतीच्या चिऱ्याखालून पाण्याची बोटभर वाट – थेट माझ्या झाडाच्या बुंध्याशी!

दोन माणसं. दिवसातून पाच वेळा. रोज. तीन उन्हाळे! ती खळखळ मी रोज ऐकत होते आणि तिच्यावर चहा टाकत होते. गणिताच्या बाई म्हणे!

त्याच दगडावर टेकले. लाज वाटली. मुरारीचं नाव घेतलं त्याची सर्वांत जास्त.

१० एप्रिल

पहिल्या गाडीने पोलादपूर. आधी मुरारीला गाठलं, हात जोडले. तो बिचारा ओशाळला. "ऱ्हाऊ दे बाई, झाडंच ती." मग वर्गात जाऊन फळ्यापाशी उभी राहिले आणि सरळ सांगितलं – मुलींनो, झाडं नापास नाहीत, तुमच्या बाई नापास. एक फिसकन हसली, मग सगळ्याच. इरावतीसुद्धा!

मधल्या सुट्टीत मुली पिंपाशी डबे धुतात, ते पाणी गटारात जातं. मुरारीने आणि मी मिळून तिथून अनंतांपर्यंत चर खणला. सात जिवंत आहेत, ते जगतील. सतरा पावसाळ्यात पुन्हा लावू, पाट्या जपून ठेवल्यात.

निघताना कुंपणाकडे बघितलं. कण्हेर, बोगनवेल, भर उन्हात, खरोखर थेंबाशिवाय, फुलांनी लगडलेल्या. यादी काही अगदीच चुकली नव्हती! चंपाबाईला स्टँडवर म्हटलं, तुझं बरोबर होतं. तिने गजरा दिला.

११ एप्रिल

आजपासून पाच वेळा लोटाभर पाणी मीच घालते. हे खिडकीतून बघतात. त्यांना चहा पुन्हा वेळेवर मिळतो.

२८ मे

तय्यबभाई, नसीबा आले. नातू झाला! खजूर खाता खाता नसीबाला दगडाची सगळी गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "दगड आधी विहिरीजवळ होता बाई. पयल्या उन्हाळ्यात तुमचं झाड मान टाकताना ह्यांनी बघितलं, तेव्हा भिंतीपाशी ओढून आणला. मला बोलले, बाईंना बोलू नको. पाणी दिलेलं कळलं तर झाडाला नापास करतील."