नळीत राहिलेली गोळी

उस्ताद,

गेल्या गुरुवारी रेंजवर एका मुलीच्या रायफलीत गोळी अडकली. ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी माझी अडकली होती तो दिवस पुन्हा सांगावा लागेल. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि तो दिवस मला आता पूर्वीसारखा आठवत नाही.

मी पालथी पडलेली आहे. कोपरांना मुरूम टोचतो आहे. समोर मातीचा बांध, बांधापलीकडे मोहाची झाडं, आणि काठीवर लाल झेंडा, म्हणजे गुराख्यांनी इकडे येऊ नये. रायफल अडली तर काय करायचं ते तुम्ही महिनाभर आमच्याकडून घोटून घेतलेलं. मॅगझिनवर थाप, बोल्ट मागे ओढून कॉक, फायर. विचार करायचा नाही, जंगलात विचाराला वेळ नसतो. अख्ख्या तुकडीत माझा हात सगळ्यांत जलद आणि मला त्याचा गर्व. चौथी गोळी नेहमीसारखी वाजत नाही. ओल्या फटाक्यासारखा फुसका आवाज येतो आणि रायफल पुढची गोळी आपणहून घेत नाही. माझा हात मला न विचारता कॉक करतो. बोट ट्रिगरवर जातं. तेवढ्यात तुम्ही अंगावर कोसळल्यासारखे येता आणि माझं मनगट मुरमात दाबून धरता.

"मराले आली का इथी?"

"उस्ताद, रायफल अडली म्हणून मी..."

"रायफल नाई अडली वो, गोळी अंदर अडकली! तिच्यावर दुसरी मारून राह्यली तू. नळी फाटन, तुयं थोबाड फाटन. मंग कोन सोयरीक करन, प्रोफेसर?"

बी.ए.ला मराठी घेऊन पोलिसात आले म्हणून मी तुमची प्रोफेसर. सगळी तुकडी हसली. मी रडले. तुम्ही मॅगझिन काढलंत, रायफल मोकळी केलीत, बोल्ट काढून नळी आभाळाकडे धरलीत आणि मला मागून बघायला लावलंत. उजेड दिसला नाही. मग पुढच्या तोंडातून साफसफाईची सळई आत घातलीत. ती थोडी गेली आणि टक् करून थांबली. ती थांबली तेव्हा नळीच्या तोंडाशी सळईवर अंगठ्याचं नख रोवलंत, सळई बाहेर काढून तेवढीच नळीला बाहेरून लावलीत. "इथी हाय. हात लाव." मी हात लावला. बाहेरून लोखंड सगळीकडे सारखंच लागत होतं. दारू दमट असेल, कमी असेल, गोळीला निम्मा जोर मिळतो आणि ती वाटेतच राहते, असं तुम्ही म्हणालात. थाप, कॉक, फायर हे शिकवलेलं बरोबर आहे, फक्त त्या एका वेळी तेच माणूस मारतं, असंही म्हणालात. त्यानंतर मेसमधून चहा मागवलात, अर्धा तुमच्या कपात आणि अर्धा बशीत माझ्यासाठी, आणि मी तो पिऊन होईपर्यंत दुसऱ्या कुणाला गोळी चालवू दिली नाहीत.

पासिंग आउट परेडच्या दिवशी तुम्ही मला कापसाचा एक गुंडाळा दिलात, दवाखान्यात मिळतो तसा, निळ्या कागदातला. "कानात घालत जा." मी विचारलं, तुम्ही का नाही घालत? तुम्ही म्हणालात, "मले आयकावं लागते, पोरी. फुसका आवाज आयकू आला नाई तं एखाद्याचा हात जाइन." पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा मीही कापूस घातला नाही. मुलींना देत राहिले. आता त्यांना कानात घालायची रबरी बुचं मिळतात. मी तीही घेतली नाहीत. तुमचं ते वाक्य मी इतकी वर्षं कवितेची ओळ जपावी तसं जपलं.

तुमच्या मातीच्या दिवशी मी चांद्याला आले होते. पुरुष कब्रस्तानात गेले, मी भाभींजवळ स्वयंपाकघरात बसले. शेजारणीनं आणलेला भाताचा डबा ओट्यावर तसाच होता. भाभी कुकरकडे बघत म्हणाल्या, "यायले याची सीटीबी आयकू येत नोती, बाई. धा-पंधरा वर्स झाले. मीच हात लावून सांगत जाओ, का चाय झाली म्हनून. आफिसात कोनाले सांगू नोको म्हने, रेंजवरून काढून टाकतीन." मी मनातल्या मनात वर्षं मोजली. माझा दिवस त्यात येत होता. म्हणजे तुम्ही तो आवाज ऐकलाच नव्हता. तुम्ही आमच्या मागे उभे राहून एकेकीचा खांदा बघत होतात, आणि चौथ्या गोळीला माझा खांदा रायफलीच्या धक्क्यानं हलला नाही. भाभींसमोर मला एक क्षण तुमचा फार राग आला. खांदा बघायचा असतो, एवढं तरी सांगून जायचं. ते सांगितलं असतंत तर कानाचंही सांगावं लागलं असतं, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं.

मला दोन वर्षांपासून उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. डाव्यात शिट्टीसारखा आवाज सतत असतो. खांदे बघायला मी तुमच्यामुळे शिकले आणि त्यावर निभावून नेत होते. गुरुवारी ओळीत आठ मुली होत्या, माझं लक्ष दुसऱ्या टोकाला. एटापल्लीकडची एक मुलगी आहे, मोजकं बोलणारी. घरी माडिया बोलतात, मराठी आश्रमशाळेत शिकलेली. वळून बघते तर ती रायफल तशीच धरून गप्प पडलेली. मला वाटलं घाबरली. मी जवळ जाऊन ओरडले, "काऊन थांबली? कॉक कर, चालव!"

तिनं मान हलवली. मी पुन्हा ओरडले. तिनं बोट ट्रिगरवरून काढलं, हात वर केला आणि मोठ्यानं, मला कळेल असं ओठ हलवत म्हणाली, "मॅडम, खांद्याले धक्का लागलाच नाई."

सळई वीतभर जाऊन थांबली. तिनंच सळई धरून नख रोवलं. बाकीच्यांच्या कानात बुचं होती. मी ओरडत गेले एवढंच त्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या हेडक्वार्टरला माहीत झालं होतं की मॅडमनी धावत जाऊन मुलगी वाचवली. साहेब म्हणाले, "तुमचे कान म्हणजे काय सांगावं." मी गप्प बसले. ती मुलगी तिथेच उभी होती. तीही गप्प बसली. ती माझ्याकडे जशी बघत होती तशी मी भाभींच्या स्वयंपाकघरात बसून तुमचा विचार करत होते, फक्त तिच्या बघण्यात राग नव्हता. तिला सगळं कळलेलं आहे. ओठ हलवून बोलली तेव्हाच कळलेलं होतं.

तुम्हाला विचारायचं होतं, उस्ताद, तुमच्याकडून असं कधी झालं का? तुम्ही कुणाला चालव म्हणालात आणि तिनं ऐकलं, असं? झालं असेल तर मला ते आता कुणी सांगणार नाही. माझा तुमच्यावर राग नाही. तुमचा हात मनगटावर पडला नसता तर आज लिहायला हा हात नसता.

सोमवारी पुढची तुकडी रेंजवर येते. मला तिथून कमी करावं असा अर्ज लिहायला बसले होते. प्रकृतीचं कारण दिलं तर मंजूर होईल, कुणी विचारणार नाही, आणि गुरुवारची गोष्ट मी वाचवलं म्हणून तशीच राहील. ते मला नको आहे. मी तिला चालव म्हणाले, दोनदा म्हणाले, तिनं माझं ऐकलं नाही म्हणून तिचे डोळे शाबूत आहेत, असं लिहायचं आहे. तुम्हाला लिहिताना ते वाक्य सहज आलं. साहेबांच्या कागदावर अजून फक्त 'महोदय' आहे.