झऱ्यावरची करवंटी

रत्नागिरी, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९८५. संध्याकाळ.

गुडघेबुवा, कसे आहात? डावा बरा, उजवा कुरकुरतोय. दम ठीक. टाचेची भेग भरत आलीय. डोकं तेवढं तापलंय.

पाच वर्षं मी आणि बापू पहाटे धावतो. सड्याच्या उघड्या कातळावरून काजूच्या बागेत, उतारावरच्या झऱ्याला पाणी प्यायचं, मग सुरूबनातून समुद्राकाठच्या पुळणीवर. वाट मी शोधलेली. झऱ्यावरची करवंटीही मीच घासून ठेवलेली. पाणी पिऊन झालं की ती पालथी घालायची, हा आमचा नेम.

आज मला उशीर झाला. बघतो तर करवंटी उताणी, आत मुंग्या! खाली पुळणीवर बापू आणि गावात नवा आलेला तो रिटायर्ड मेजर धावताहेत. पायात कॅनव्हासचे बूट.

"मेजरांना आपला झरा दाखवला," बापू म्हणाला. आपला!

"मला विचारायचंस तरी."

"नाना, झरा काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे?"

मेजर हसला. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

साठी उलटली आणि पोरासारखा जळतोय. पण बापू काय सुसाट धावत होता! माझ्याबरोबर कधी असा धावला नाही. माझ्या गुडघ्यासाठी हळू धावायचा की काय, इतकी वर्षं?

तोंडाने विचारवेना. आत्ताच झऱ्यावर जाऊन चिठ्ठी ठेवली, वर करवंटी पालथी घातली. 'मेजरांनाही आण' असं लिहायला हात वळला नाही. लिहिलं ते एवढंच: 'बापू, गुरुवारी पहाटे सहाला सड्यावर थांबतो. हळूच धावू. येणार असशील तर इथेच दोन ओळी लिहून ठेव, पण लवकर.'