सहा महिने पाऊस, सहा महिने साखर

बोरी, तालुका जिंतूर
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६०

प्रिय पंडित,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र भाद्रपदात मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि तो उतरायची वाट बघता बघता दिवाळी होऊन गेली. अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा आहे तसाच घेऊन लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मी तुझ्याच पाटीवर गिरवून शिकलेली बाई, माझं अक्षर तुझ्याहून बरं कुठून असणार?

तू लिहितोस की तुमच्या त्रिनिदाद बेटावर जूनपासून डिसेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, पाच वर्षांपूर्वी तर वादळात घरांची छपरं उडाली, तेव्हा त्या दिवसांत आईने येऊ नये. आधीच्या पत्रात लिहिलं होतंस की जानेवारी ते जून कारखान्यात उसाचं गाळप चालतं, तुला मान वर करायला सवड नसते, तेव्हा त्या दिवसांतही आईने येऊ नये. मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि बोटांवर महिने मोजले. सहा महिने पाऊस आणि सहा महिने साखर. म्हणजे तुझ्या हिशेबाने आईने यावं असा महिनाच तुमच्याकडे उगवत नाही. मग मीच एक निवडला.

इंग्रजी जानेवारीच्या सात तारखेला मुंबईहून माझी बोट सुटते. तीन आठवड्यांनी विलायत, तिथे थोडे दिवस थांबून दुसरी बोट, आणि फेब्रुवारी अर्धा सरल्यावर तुमचं पोर्ट ऑफ स्पेन. विलायतेला त्या दिवसांत हाडं गोठतात म्हणे, म्हणून घोंगडं घेतलं आहे. वादळ नाही, पाऊस नाही, सगळं विचारून ठरवलंय. गाळप ऐन भरात असेल हे मला ठाऊक आहे. तू खुशाल कारखान्यात जा. हे पत्र तुला मिळून तुझं उत्तर इथे पोचेपर्यंत मी बोटीवर असेन, तेव्हा नको म्हणायचं असेल तर ते आता तुला माझ्या तोंडावर म्हणावं लागेल. पैशाचं विचारू नकोस, ते माझं मी बघितलं आहे. सोबतही आहे. मुंबईच्या बोटीच्या एजंटाने कळवलंय की बन्सीधर म्हणून कुणी तुमच्या बेटावर जन्मलेले गृहस्थ आपल्या आजोबांचं गाव बघायला उत्तरेकडे आले होते, ते आणि त्यांची बायको त्याच बोटीने परतताहेत.

रब्बीची ज्वारी पेरून झाली. काढणी आपला सालगडी सटवाजी बघेल. मी जाणार हे ऐकून गावात ज्याने त्याने तोंडाला येईल ते विचारलं, याने मात्र एवढंच विचारलं, "माय, तिकडं ज्वारी भेटती का?" मी न्हाई म्हणाले, तर पायलीभर पीठ बांधून द्यायच्या खटपटीला लागलाय.

तू सात वर्षांचा असताना आपला गोऱ्हा हरभऱ्यात शिरला होता, आठवतं? तू धावत आलास आणि सांगितलंस की फाटक वाऱ्याने उघडलं. मी काही बोलायच्या आत म्हणालास, कडी तशीही मोडकीच होती. लगेच पुढे म्हणालास, गोऱ्ह्याला भूक लागली होती. मला तेव्हाच कळलं की फाटक तू उघडं टाकलं होतंस. खरं बोलणारा एक कारण देऊन थांबतो. तुझ्या गेल्या तीन पत्रांत मला सात कारणं सापडली, आणि सातव्यात तर तू लिहिलं आहेस की तिकडची भाजी मला पचणार नाही. बाबा रे, मी दुष्काळात तरोट्याचा रानपाला शिजवून खाल्लेली बाई आहे.

दहा वर्षं झाली तुला जाऊन. पूर्णेच्या रेल्वेत फिटर होतास, तिथून मुंबईच्या गोदीत गेलास, गोदीतून बोटीच्या इंजिनावर, आणि एक दिवस पत्र आलं की साखर कारखान्यात कायमचं काम मिळालं. तुझे वडील गेले ते तुला दीड महिन्याने कळलं. त्यावेळी आला नाहीस याचा राग मी कधी धरला नाही. एवढंच मनाशी म्हटलं की आता आपण दोघंच उरलो, आपल्यात तरी लपवाछपवी असू नये.

तू लिहिलं होतंस की कागदपत्रांचं माझ्याच्याने होणार नाही. ते वाचून मात्र मला खरोखर चेव आला. वर्षभर मी जिंतूर, परभणी आणि हैदराबादच्या कचेऱ्यांना इतकी पत्रं धाडली आणि इतक्या चकरा घातल्या की शिपाई आता मला बघून बाक पुसतात. सध्या इथे सत्याग्रहाची धामधूम आहे, बाहेर जायचा कागद मागणाऱ्याकडे पोलीस आधी संशयाने बघतात. एक चूक माझीही झाली. पासपोर्टाच्या अर्जात जन्माचं साल मी आपलं फसली १२९३ असं लिहिलं. जन्मभर निजामाच्या कागदांवर तेच बघत आले, दुसरं कुठलं सुचणार? अर्ज दोन महिन्यांनी परत आला. इंग्रजी सालाने माझं वय सहाशे पंचेचाळीस भरत होतं. मग १८८३ लिहून पुन्हा धाडला. नंतर देवीच्या लशीचा दाखला. मला तर लहानपणीच देवी येऊन गेल्या, तोंडभर वण आहेत. परभणीच्या डॉक्टरांना म्हटलं, हे बघा आणि दाखला द्या. ते म्हणाले, "माय, तोंड कागदाला चिकटवता येत न्हाई," आणि दोन्ही दंडांवर टोचून मोकळे झाले. तीन दिवस ताप होता. दाखला मिळाला.

राहिला होता तो तुझा कागद. तिथे राहणाऱ्या माणसाने, ही माझी आई, ही माझ्या घरी उतरेल, असं लिहून दिल्याशिवाय तुमच्या बेटावर उतरू देत नाहीत. तो मी तुझ्याकडे आठ महिने मागितला. तू एकदा लिहिलंस फॉर्म मिळत नाही, एकदा लिहिलंस साहेब रजेवर आहे. शेवटी मी एजंटाकरवी थेट तिथल्या कचेरीलाच लिहवलं. सरकारी माणूस दाराशी आल्यावर तुला तो भरून द्यावाच लागला. तो तिथेच कपाटात पडून राहील असं तुला वाटलं असणार. किंवा वाटलं असेल की आपल्याकडे सगळं उर्दूत चालतं, इंग्रजी कोण वाचणार? पण त्याची नक्कल एजंटाकडे आली, आणि एजंटाने ती श्रावणात बोरीला पाठवली.

मी ती घेऊन पूर्णेला गेले, तुझे जुने बाबू दिनकरराव यांच्याकडे. त्यांनी मोठ्या कौतुकाने वाचायला घेतली. तुझं नाव, कारखान्याचं नाव, घर दोन खोल्यांचं. मग एके ठिकाणी थांबले, चष्मा काढला, पुसला, आणि एकदम खालच्या ओळीवर गेले. मला इंग्रजी येत नाही, पण ओळी मोजता येतात. मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही राहिली. त्यांनी वाचली, आणि मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

त्या रात्री मी पूर्णेच्या फलाटावरच बसून राहिले. पहाटेच्या गाडीने घरी आले आणि इथून बाहेर जायच्या परवानगीचा माझा स्वतःचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, कुणाकडे जाणार. तो भरला आणि गावच्या पाटलाच्या साक्षीसाठी तुझ्या किशनकाकांपुढे ठेवला. पाटीलकी आता त्यांच्याकडे आहे. त्यांनी कागद वाचून घेतला आणि चार माणसांत मला चावडीवर बोलावलं. म्हणाले, "वहिनी, समिंदर वलांडून जायलाव, परत आल्यावर तुमाला पंगतीला कसं बसवायचं?" मी म्हटलं, नका बसवू, माझ्या चुलीवर मी जेवेन, तुमची पंगतच अळणी होईल. पण खरं दुखणं समुद्राचं नव्हतं. चार दिवसांनी काका एकटेच घरी आले, ओसरीवर बसले, आवाज खाली आणला. म्हणाले, "समिंदराचं आमी बघून घेतो. पर त्या कागदावरली दोन नावं तेवढी काढा. नुसतं पोराकडं जायलेय म्हणून लिवा. आत्ता सही करतो, वहिनी. कुनाला काय कळायचं न्हाई."

पंडित, ती नावं काढली असती तर मला त्याच दिवशी सही मिळत होती. मी काढली नाहीत.

त्या ओळीत तू लिहिलं होतंस, घरात राहणारी माणसं: बायको एडिथ, मुलगी लूसी, वय वर्षे चार. दिनकररावांनी मला ती नावं पाच-सहा वेळा म्हणून दाखवली. एडिथ जमतं. लूसी म्हणजे काय ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला रडू आलं. सून ख्रिस्ती, कुठल्या देशाची, कुठल्या रंगाची, काही ठाऊक नाही, म्हणून थोडं आलं, खोटं कशाला सांगू? पण खरं रडू आलं ते त्या चार आकड्याने. चार वर्षं मला नात आहे आणि चार वर्षं मी संक्रांतीला शेजारच्या पोरींच्या हातावर तिळगूळ ठेवते आहे. सरकारने विचारलं तर त्याला तू खरं सांगितलंस. मी तर दहा वर्षं दर पत्रात विचारत होते, घरात कोण कोण आहे, जेवायला कोण घालतं.

किशनकाकांना मी सांगितलं की कागदावर खोटं लिहून मी माझ्याच घरी पाहुणी म्हणून जाणार नाही. त्यांनी सही नाकारली. मी तोच कागद घेऊन जिंतूरला गेले आणि तीन दिवस तहसील कचेरीच्या पायरीवर बसले. चौथ्या दिवशी तहसीलदारसाहेबांनी आत बोलावलं. म्हातारे मुसलमान गृहस्थ, त्यांची दाढी माझ्या केसांहून पांढरी. कागद बघून विचारलं, "अम्मा, इत्ती दूर कायकू जाते?" मी म्हटलं, पोती को देखने. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सही केली, शिक्का मारला, वर स्वतः फुंकर मारून शाई वाळवली. बोरीच्या कस्तुराबाईची सून एडिथ आणि नात लूसी हे आता निजाम सरकारच्या शिक्क्यानिशी ठरलेलं आहे. भावकीने आम्हाला वाळीत टाकायचं ठरवलंय असं ऐकते. टाकू देत. मी त्यांच्याकडे काही मागायला गेलेली नाही आणि जाणारही नाही.

एवढी मोठी कहाणी लिहिण्याचं कारण सांगते. न कळवता आले असते तरी चाललं असतं, कागद पुरे झाले आहेत. पण मी तुला ओळखते. बोटीची बातमी तुला एजंटाकडून कळलीच असती, आणि मी यायच्या आठवडाभर आधी तू त्या दोघींना एडिथच्या माहेरी नाहीतर आणखी कुठे धाडलं असतंस, घर झाडून घेतलं असतंस, आणि मला दोन रिकाम्या खोल्या दाखवून परत पाठवलं असतंस. त्या एवढ्याशा पोरीला कशाला कोपऱ्यात ढकलायचं? तिने काय केलंय? एडिथला सांग, सासू रागीट आहे पण घाबरायचं कारण नाही, राग सगळा तुझ्या नावावर आहे. तिला माझी भाषा येत नसेल तर नसू दे, मला तिची येत नाही. बंदरावर तिघं मिळून या. मी वरून कठड्याशी उभी राहून बघणार आहे. तू एकटा दिसलास तर मी बोटीतून खाली पाय ठेवणार नाही.

तुझीच,
आई